औषध निळेच राहिले

॥ श्री ॥
वडनेर भोलजी,
ता. ४ एप्रिल १९३८

चिरंजीव उत्तमराव यास भगवानरावाचे मनापासून आशीर्वाद. वि. वि. येथील क्षेम बहुतेक बरे आहे. जे बरे नाही, तेवढ्यासाठीच हे पत्र.

सूनबाई संक्रांतीपासून वाळत चालली आहे. सारखे पाणी पिते, आणि परवा भाकरी थापता थापता चक्कर येऊन बसली. वैद्यांना मधुमेहाचा संशय आला. म्हणून कडूबा गड्याला बैलगाडी जुंपायला सांगून मी तिच्या लघवीची बाटली नांदुऱ्याच्या डॉक्टरांकडे नेली. तुझ्या आईने ती फडक्यात अशी गुंडाळून दिली की वाटेत भेटेल तो विचारी, तूप कोणाकडे निघाले. डॉक्टरांनी निळ्या औषधात थोडे थेंब टाकून दिव्यावर उकळले. निळ्याचे हिरवे झाले, मग पिवळे, शेवटी विटेसारखे लाल. ते म्हणाले, साखर फार आहे आणि कोवळ्या वयात हा रोग माणसाला ठेवत नाही. इन्सुलिन म्हणून सुई निघाली आहे, ती रोज टोचली तर पोर जगेल. सुई मुंबईहून मागवली असून शुक्रवारी पहिली टोचायची आहे.

घरात मी रोगाचे नाव काढलेले नाही. ताकदीची सुई आहे, एवढेच सांगितले. तुझी आई आधीच हळवी, तिला कशाला घोर लावा. तू मात्र पुरुषमाणूस आहेस, धीर धर. पत्राला उशीर करू नको. लोभ आहेच, तो तसाच राहो.

तुझा,
भगवानराव


॥ श्री ॥
नागपूर,
ता. ६ एप्रिल १९३८

तीर्थरूप बाबांच्या चरणी उत्तमचा साष्टांग नमस्कार. वि. वि. सुई थांबवा म्हणून तार केली आहे, ती पोचली असेलच. कारण तारेत मावले नाही, म्हणून लिहितो.

आपले पत्र घेऊन मी इथल्या दवाखान्यातल्या रंगराव डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी विचारले, रोग्याला कोणी पाहिले का? मी म्हणालो, बाटली पाहिली. त्यावर ते चिडलेच. लघवीत साखर दिसली म्हणजे सुई लागतेच असे नाही. रोग्याचे वय, वजन, रक्तातली साखर हे सगळे तपासून मग ठरवायचे असते. कोणाला पथ्यावरच भागते. आणि ज्याला गरज नाही त्याला ती सुई टोचली, तर अंगातली असेल ती साखरही उतरते, माणूस बेशुद्ध पडतो आणि कधी कधी उठतच नाही.

बाबा, तेव्हापासून माझे कामात लक्ष नाही. रजा मागितली, मिळाली नाही. तिला खामगावच्या मोठ्या दवाखान्यात न्या. बाटली तिथेच भरून तिथेच तपासली पाहिजे, असे रंगराव निक्षून सांगतात. तिला सुई लागणार असेल तर मी काहीही करून आणीन, पण आधी खात्री होऊ द्या.

तिने मागे दोनदा इथे बिऱ्हाडासाठी खोली मिळेल का म्हणून विचारले होते. मी बघतो म्हणालो, आणि अजून साधा अर्जही केला नाही. आता ते मनाला फार लागते. आईस नमस्कार. आपली माया अशीच असू द्यावी.

आपला,
उत्तम


॥ श्री ॥
वडनेर भोलजी,
ता. १० एप्रिल १९३८

चि. उत्तमराव यास आशीर्वाद. वि. वि. पहिली ओळ वाच आणि मग खाली बस. सूनबाईला साखर नाही.

तार आली तेव्हा तुझ्या आईने वाचण्याआधीच रडून घेतले. गावात तार म्हणजे कोणीतरी गेलेच. मग आम्ही तिघे खामगावला गेलो. नर्सबाईने सूनबाईला आत नेले. मोठ्या डॉक्टरांनी आमच्यादेखत उकळून पाहिले, औषध निळेच राहिले. पुन्हा उकळले, तरी निळेच. रक्तही चांगले निघाले. मग मी नांदुऱ्याच्या डॉक्टरांच्या नावाने तोंडसुख घ्यायला लागलो, की त्यांच्याकडे हेच औषध विटेसारखे लाल कसे झाले. तुझी आई भिंतीशी बसली होती. लाल झाल्याचे तिने तेव्हाच पहिल्यांदा ऐकले. पदर सावरून हळूच म्हणाली, की ती बाटली माझी होती.

तरुण सुनेची असली वस्तू परक्या पुरुषांच्या हाती जायला नको, कोणी त्यावर करणी केली तर काय, असे तिच्या मनात आले. एका घरात एकच भाकर खातो, एकच पाणी पितो, मग हिची काय आणि माझी काय, असे तिचे म्हणणे. मी डोक्याला हात लावला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी तिचीही बाटली घेतली. ती लाल झाली.

तिच्या रक्तात साखर आहे. पण वय आणि अंग पाहून डॉक्टर म्हणाले, हिला आज सुईची गरज नाही. गूळ, साखर, भात बंद, बाकीचे मोजून. महिन्याने पुन्हा तपासू. असेच चालले असते तर पायाला जखम होऊन ती चिघळल्यावरच कळले असते.

शुक्रवारी सुई टोचली असती तर, हे वाक्य मी पुरे करीत नाही. तुझ्या आईने बाटली लपवली आणि मी रोग लपवला. तिला एकटीला बोलायला मला तोंड नाही. लोभ वाढता ठेव.

तुझा,
भगवानराव


॥ श्री ॥
वडनेर भोलजी,
ता. १७ एप्रिल १९३८

सासूबाई सांगतात तसे लिहिते.

माह्या उत्तमले त्याच्या मायचे लई लई आशीर्वाद. बाबू, मले लाज वाटून राह्यली, पण खोटं काऊन सांगू. म्या म्हणलं, कोणी काही केलंच तं मले होवो, पोरीले नको. तसंच झालं. म्हणून देवावर माहा राग नाही. फक्त त्या सुईचं मनातून जात नाही.

गूळ सुटला. तुहा बाप माह्यासाठी बिनागुळाचा चहा पेते आन तोंड कसं करते, ते तू पाहाले पाह्यजे होतं.

आता सून काऊन वाळली ते आयक. हे लिवाले पोरगी तयार नाही, पण म्या म्हणलं लिव. सोमवार धरे, शेगावच्या महाराजाचा गुरुवार धरे, चतुर्थी धरे, आन पाण्यानं पोट भरे. कायले, तं तुले नागपुरात खोली भेटावी म्हणून. आन तू अर्जच केला नाही. समोर असता तं कान धरला असता. आता तिचे उपास म्या सोडवले. पोरगी जेवून राह्यली. तुह्या जीवाले जप, माय आठवत जाय.

एवढे सासूबाईंचे. पुढचे माझे आहे.

आपण काळजी करू नये, मी आता बरी आहे. बाटली दिली त्या सकाळी सासूबाईंनी माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या होत्या. का, ते मला आता कळले. खोलीचा अर्ज आपण आजच करावा. पण मी दिवाळीपर्यंत येणार नाही. इथे सासूबाईंना मोजून वाढणारे दुसरे कोणी नाही. मामंजींना दया येते आणि ते हळूच गुळाचा खडा देतात. पुढच्या महिन्यात बाटली खामगावला मीच घेऊन जाणार आहे.

आपली,
सौ. विमल