पान त्रेसष्टवरची कळी

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तुझ्या आईची सर्दी गेली, माझा चष्मा बदलला. तुझी परीक्षा बारा दिवसांवर आली आहे आणि अशा वेळी बापाने लांबलचक पत्र लिहून तुझा वेळ खाणं काही शहाणपणाचं नाही, हे तुझ्या आईने मला दोनदा सुनावलं. पण फोनवर आपलं बोलणं होतं तरी कुठे? ‘बाबा, गोळी घेतलीत? आईला द्या.’ झालं! गेल्या वर्षी निकाल लागला तेव्हापासून तू माझ्याशी एवढंच बोलतेस. वसतिगृहात गेल्यापासून तर तेही घाईघाईत. माझ्या मनाला ते फार लागतं गं.

पूर्वी तू माझ्या टेबलाला चिकटलेली असायचीस. जीवशास्त्राच्या गाइडसाठी आकृत्या काढणारा माणूस म्हणजे मी, आणि माझी बिनपगारी मदतनीस म्हणजे तू. मुळासकट उपटलेलं गवत आणायचीस, माती धुवायचीस, पांढऱ्या कागदावर पसरून ठेवायचीस. एक जाड मूळ सरळ खाली गेलं तर सोटमूळ, झुपका असेल तर तंतुमूळ, हे तुला शाळेत शिकवायच्या आधी ठाऊक होतं. आठवतं, आईने स्वयंपाकासाठी आणलेलं आलं आपण तीन दिवस अडवून ठेवलं होतं? आई चिडली, तर तू कमरेवर हात ठेवून तिला म्हणालीस की हे मूळ नाहीच, जमिनीखालचं खोड आहे, ही बघ पेरं, हे बघ खवल्यासारखं पान आणि हा कोंब. आई म्हणाली, खोड असो नाहीतर खांब, मला चहात टाकायचंय. जास्वंदीचं फूल उभं चिरून तू एकेक भाग सुटा करायचीस आणि मी काढायचो. तुझा हात माझ्याहून हलका. शाईचा थेंब पडला तर अर्ध्या ब्लेडने कागद न फाटता कसा खरवडायचा, ते मी तुला एकदाच दाखवलं आणि तू लगेच उचललंस.

आता मुद्द्यावर येतो, नाहीतर मी असाच पाल्हाळ लावत बसेन. गेल्या महिन्यात तुझी खोली रंगवायला काढली. फळीवरची पुस्तकं मी खाली उतरवली, त्यात माझ्याच आकृत्यांचं ते गाइड होतं. सहज चाळलं आणि पान त्रेसष्टवर थबकलो. संयुक्त पानाची आकृती. मधल्या एका शिरेवर दोन्ही बाजूंनी छोट्या छोट्या पर्णिका, दिसायला अगदी फांदीसारखं, पण असतं ते एकच पान. ओळखायची खूण एकच: कळी, म्हणजे पुढे जिची फांदी होते ती, अख्खं पान खोडाला जिथे जुळतं तिथे, त्याच्या बगलेत असते. पर्णिकांच्या बगलेत कधीच नसते. आणि माझ्या छापील आकृतीत एकेका पर्णिकेच्या बगलेत बारीक कळी होती. तुझ्या प्रतीत मात्र त्या सगळ्या कळ्या खरवडून काढलेल्या होत्या, अर्ध्या ब्लेडने, कागद जराही न फाटता. बाजूला पेन्सिलीने तारीख होती, गेल्या वर्षी परीक्षा झाली त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

त्या कळ्या मी का काढल्या होत्या, ते मला स्वच्छ आठवलं. आकृतीची ती बाजू मोकळी मोकळी वाटत होती. चित्र भरल्यासारखं दिसावं म्हणून मी नजरेच्या समाधानासाठी टिपके दिले. समोर फांदी ठेवलेली होती, पण तिच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. तीस वर्षांचा हात, म्हटलं, चुकतोय कशाला! गाइड लिहिणाऱ्या सरांच्या नजरेतूनही ते सुटलं. मग मी गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका शोधली. पर्णिकेच्या बगलेत कळी असते, हे विधान बरोबर की चूक, असा प्रश्न होताच. तू काय उत्तर दिलं असशील ते मला कुणी सांगायला नको. आणि प्रवेशाच्या यादीत तू किती थोडक्यात हुकलीस, तेही मला पाठ आहे.

प्रकाशकांकडे गेलो. ते म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू, एवढं कोण बघतंय? मी म्हटलं, माझी मुलगी बघते. दुरुस्त आकृतीच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या आणि गोदामात उरलेल्या सगळ्या प्रतींत मी आणि तुझ्या आईने आठ दिवस बसून त्या चिकटवल्या. ज्या प्रती विकल्या गेल्या त्या मात्र तशाच राहिल्या. आई खळीचा डबा माझ्याकडे सरकवत राहिली.

पण हे पत्र त्यासाठी नाही. निकालाच्या दिवशी मामा आला होता, शेजारच्या काकू होत्या, आणि त्या सगळ्यांसमोर मी तुला म्हणालो की तुझं लक्षच नसतं, पाठ करतेस पण डोळे उघडून बघत नाहीस. नाही नाही ते बोललो. तुला तेव्हा सगळं माहीत होतं. एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं तुला. तू मान खाली घालून ‘हो बाबा’ म्हणालीस आणि आत गेलीस. परवा मामाला फोन करून सगळं सांगितलं, काकूंच्या घरीही जाऊन आलो. तुला सांगायला मात्र महिना लागला, धीरच होत नव्हता. डोळे मी उघडले नव्हते, बाळा. मला माफ कर. परीक्षेला हे ओझं घेऊन बसू नकोस, म्हणून आजच टपालात टाकतोय. तू गप्प राहून माझी अब्रू राखलीस. ती गेली तरी चालेल गं, पण तू माझ्याशी बोल.

तुझाच,
बाबा