प्रार्थना थांबवायचा हक्क

लातूर. सोमवार, वैशाख शुद्ध सप्तमी

जेवण गेलं नाही. मागच्या आठवड्यात राज्यशास्त्राच्या तासाला मी ज्यूंच्या जुन्या वस्त्यांविषयी शिकवलं. राज्य नाही, राजा नाही, तरी आपला कारभार ते आपणच बघत. कुणावर अन्याय झाला, तर तो माणूस, अगदी एखादी विधवासुद्धा, भर प्रार्थनेत उठून प्रार्थना थांबवू शकायची. पंचांनी दाद देऊ म्हटल्याशिवाय ती पुढे जात नसे.

रेणापूरकडची सुनंदा म्हणाली, "सर, गावात पाण्याचा टँकर येतो, आमच्या बौद्धवाड्यात येतच न्हाई. आम्ही काय थांबवायचं?"

मी हसून म्हणालो, "टँकर."

का म्हणालो? नुसतं वर्गातलं बोलणं होतं ते.

काल तिनं आणि तिच्या आईनं वेशीत टँकर अडवला. ड्रायव्हरनं गाडी वळवली आणि शेजारच्या गावात रिकामी केली. आता सगळं गाव तहानलेलं, आणि दोष या दोघींवर. आई ज्यांच्या शेतात राबते, त्यांच्याकडून तिला कामावर येऊ नको म्हणून निरोप आला. लातूर जिल्हा नवा झाला, कलेक्टर कचेरी जवळ आली, म्हणून सुनंदा आज तिथं गेली. "आधी ग्रामपंचायतीचा ठराव आणा," असं उत्तर मिळालं.

तिथून ती माझ्याकडं आली. मी पुन्हा तेच सांगत बसलो, ती प्रार्थना, ते पंच. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "सर, त्या लोकांची प्रार्थना एकमेकांबिगर होत नव्हती. आमच्याबिगर गावाचं काय अडतंय?"

दारात चपला घालताना तिनं सांगितलं, आईचं काम गेलं, आता तिलाच मजुरी शोधायचीय; उद्यापासून ती कॉलेजला येणार नाही.