बाबांच्या लिंबावरचं जाळं

आई,

तू झोपली होतीस आणि मला कामावर लवकर निघायचं होतं, म्हणून लिहून ठेवते. चहाच्या आधी बाल्कनीत जा. बाबांच्या लिंबाला कळ्या आल्यात!

झाडू मात्र आतच राहू दे. बाबा गेल्यावर भेटायला येणाऱ्यांना घर नीट दिसावं म्हणून तू झाडावरची कोळ्यांची जाळी काढलीस आणि अळ्यांनी त्याचा पार खराटा केला. दादा म्हणाला, "टाकून द्या ते. जगलं तर मिशी उतरवीन." मी कुंपणावरचे दोन-तीन कोळी पेल्यातून आणले आणि गुपचूप फांदीवर सोडले.

बाबा म्हणायचे, "कोळी म्हणजे घरजावई नव्हे, आयतं खात नाही. झाड त्याला राहायला जागा देतं, तो अळ्या खातो, आणि त्याचं खरकटं कुंडीत पडलं की झाडाला खत." आपण दोघी हसायचो. आता नवी पालवी बघ, एकाही पानाला भोक नाही.

जाळं बारीक आहे, सहज दिसायचं नाही. बाबांचा चष्मा पुसून खिडकीत ठेवलाय. नाहीतरी तू नेहमी त्यांचाच पळवायचीस. तो लावून बघ.

मग दादाला फोन कर. वस्तऱ्याला धार लाव म्हणावं. बाबा असते तर आज साबणाचा फेस करून दारातच उभे राहिले असते.

तुझी,
धाकटी