बाईंची सावड

ती. कुमारमामांस, उत्रोलीहून सुलक्षणाचा नमस्कार.

तुमी एवढी धावपळ केली म्हणून पुण्याच्या विद्यापीठात एमएस्सीला माझा नंबर लागला. मामींनी तर माझ्यासाठी खाटबी लावून ठेवली. तिथली लायब्ररी बघून मी येडी झाले, खोटं कशाला बोलू? ॲडमिशन घ्यायला उद्याचा शेवटचा दिवस हाय.

पण काल आमची भातलावणी चालली होती, आन् भोरच्या कॉलेजातल्या आमच्या सौदामिनीबाई एसटीनं आल्या. साडी खोचून थेट चिखलात उतरल्या.

म्हणाल्या, "तीन वर्षं तू माझ्यासाठी झाडपाला गोळा करत डोंगर हिंडलीस. एकानं दुसऱ्याच्या वावरात राबायचं, मग त्यानं याच्या, अशीच असते ना तुमची सावड? आज मी फेडते. आता मोकळ्या मनानं पुण्याला जा. इथं भोरच्या एमएस्सीला काय, सहा मुलं आणि दोन मायक्रोस्कोप."

दिवसभर वाकून लावत होत्या. एकदाबी कंबर धरली न्हाई.

आज सकाळी बघते तर त्यांनी लावलेली सगळी रोपं पाण्यावर तरंगत होती. आईनं हसत हसत परत लावली आन् म्हणाली, "सुले, बाईंची सावड काय फिटली न्हाई बग."

हे पत्र मी टाकणार न्हाई, मामा. पुण्याला येत न्हाई म्हणून फोनवर आईच्या गुडघ्याचं कारण सांगीन. खरं एवढंच, की बाईंकडं माझी सावड राहिलीय, आन् ती घ्यायला मला अजून दोन वर्षं लागणार हायेत.

तुमची भाची,
सुलक्षणा