आबा उठणार न्हाईत असा पिक्चर

२८ जानेवारी १९९९, गुरुवार

सुट्टी. लल्लनला घेऊन शिरूरला, तीनच्या खेळाला. लल्लन माझा रूमपार्टनर, यूपीचा, प्रेस शॉपला माझ्या शेजारच्या मशीनवर. पिक्चर मारामारीचा. हिरोला गोळ्या लागतात, तरी आईच्या पाया पडून मगच बेशुद्ध. व्हिलन बरा होता, आवाज भारी. लल्लन म्हणे, "पैसा वसूल."

आपली गंमत अशी, की कारेगावच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारची आन् टॉकीजला पिक्चर बदलतो शुक्रवारी. म्हंजी आपण बघतो तो कायम शेवटच्या दिवशी. चांगला हाय, जाऊन बघा, असं कुणाला सांगायची सोय न्हाई. सांगेपर्यंत पोस्टर फाडलेलं. आपलं मत आपल्यापाशीच. म्हणून लिहितो.

३१ जाने., रविवार

गावाकडं फोन. भांडगावला आमच्या वस्तीवर फोन न्हाई. सोसायटीचे चेअरमन आप्पा, त्यांच्या घरी करायचा, मग त्यांचा गडी आबांना बोलावतो.

"बरा हाय का?"

"हाय."

"जेवतो का?"

"व्हय. तुम्ही?"

"हाय की."

मग नुसतं मीटर पळतंय. "ठेव मग." दर रविवारी हेच. आम्हा बाप-लेकापेक्षा कंडक्टर-पॅसेंजर जास्त बोलत असतील.

पण आज आप्पांनी फोन मागून घेतला. "सोपाना, औंदा जत्रंला तमाशा न्हाई. पडदा लावायचाय. तू लय पिक्चर बघतोस म्हंत्यात. कुठला आणायचा त्ये तूच ठरीव."

माझं मत कुणी इचारलं ते पहिल्यांदा. लगेच व्हय म्हणलो. मागनं आबांचा आवाज आला, "त्येला काय कळतंय! आन् मी काय बसायचो न्हाई. पाच मिंटात उठीन."

आबांनी आजवर एकबी पिक्चर बघितलेला न्हाई. जन्म मेंढरामागं गेला. आता मेंढरं थोडीच, तीन एकर हाय, पत्र्याचं घर हाय, तरी झोपतात बाहेर घोंगड्यावर. छताखाली दार लावून बसवलं की जीव घाबरा होतो. म्हणून टॉकीज न्हाई. पण जत्रंत पडदा उघड्या मैदानात. आता काय कारण सांगणार?

ठरलं. आबा उठणार न्हाईत असा पिक्चर आणायचा.

४ फेब्रु., गुरु.

शिरूर. बर्फाचा पिक्चर. हिरॉईन पातळ साडीत, हिरो स्वेटर, मफलर, सगळं घालून. गाणी झकास, मी दोन पाठ केली. पण आबा म्हणणार, तिला आधी घोंगडं द्या.

शेरा: आ. उ. (आबा उठतील.) इथून पुढं असंच लिहायचं.

११ फेब्रु., गुरु.

रडका. सासू, जाऊ, नणंद, तिघी मिळून एकीला छळतात. पुढच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून. लल्लनबी रडला. भाषा कळत न्हाई तरी रडला! म्हणे, "मेरी दीदी याद आ गई." मला एवढंच वाटलं, हिचा नवरा कामावर जातो कुठं, की कधीच घरी येत न्हाई.

आ. उ. आबा असल्या भांडणातनं उठून रानात जाणारा माणूस.

१८ फेब्रु., गुरु.

सापडला! हिरो मेंढपाळ. डोंगर, मेंढरं, पावा, सगळं हाय. पाटलाची पोरगी, मग पाटलाची माणसं, मग फाईट. शेवटी मेंढरंच पाटलाच्या वाड्यात घुसतात. टॉकीजभर शिट्ट्या. मी तर उभाच राहिलो. आबा बसणार. का बसणार न्हाईत? त्यांच्याच घरचा पिक्चर.

२१ फेब्रु., रवि.

फोनवर सगळी ष्टोरी सांगितली. एवढं लांब मी आबांशी कधी बोललो न्हाई. शेवटी इचारलं, "मग? कसाय?"

"मेंढरं बघायला जत्रंला कशाला जाऊ? हितं उठलो की समोर हायतच की."

ठेवला फोन. लल्लन म्हणे, "बूढ़ा सही बोला." त्याला भाकरी टाकायला लावली.

हारलो न्हाई. शोधायचा.

२५ फेब्रु., गुरु.

आज पार फसलो. टॉकीजवाल्यानं जुना मराठी लावलेला. कोळ्याचा. दोन भाऊ, भांडण होतं, धाकटा रागानं एकटाच होडी घेऊन समुद्रात जातो. येत न्हाई. थोरला त्याला शोधायला निघतो. बास. फाईट न्हाई, कॉमेडी न्हाई, गाणी दोनच, तीबी वल्हं मारता मारता. सगळं पाणीच पाणी. टॉकीजमधी आम्ही धरून सात-आठ डोकी. लल्लन घोरत. मीबी मध्येच उठलो, त्याला हलवलं, भजी खाऊन टमटम धरून कारेगाव.

आ. उ. कसला, मीच उ.

२८ फेब्रु., रवि.

अजब झालं. बोलायला काय न्हाई म्हणून सहज म्हणलो, गुरुवारी भिकार पिक्चर बघितला, नुसतं पाणी. समुद्रात होडीवर माणूस एकटा, चार दिस झाले, येत न्हाई.

आबा म्हणाले, "प्येतो काय?"

"काय?"

"पानी. प्यायचं कुठलं त्येला?"

म्हणलं, तिथलं खारं असतं, प्यायचं नसतं.

"येवढं पानी आन् प्यायला न्हाई?" गप झाले. मला वाटलं कटला. तर म्हणाले, "आन् थोरला कुठवर गेला?"

सांगितलं. किनाऱ्यावर थोरल्याची बायको, होडीत दिवा, सगळं आठवंल तसं.

"मग? फुडं?"

आता काय सांगू? म्हणलं, "आबा, म्या मदीच उठलो."

"तू उठलास! आन् मला बस म्हंतोस?"

हसले. फोनवर आबा हसले.

४ मार्च, गुरु.

टॉकीजवाल्याला इचारलं तो कोळ्याचा परत लागंल का. तो म्हणे, "लावून मला टॉकीज बंद करायचीय व्हय?" आज फाईटचा होता, पण आत गेलोच न्हाई. कधी नव्हं ते सुट्टीचा दिवस पिक्चरबिगर. बसस्टँडवर बसून राहिलो. थोरल्याला धाकटा सापडला का काय, तेच डोक्यात. बघत होतो तवा काय वाटलं न्हाई.

७ मार्च, रवि.

आबा फोन घेतल्या घेतल्या: "कळलं का फुडचं?" बरा हाय का, जेवतो का, काय न्हाई.

मनानं एक शेवट जुळवून सांगता आला असता. जिभेवर होता. न्हाई सांगितला. म्हणलं, जत्रंत तोच आणतो, दोघं मिळून बघू.

"आण. पर मी लोकांत बसायचो न्हाई."

बसायचो न्हाई म्हणाले ते लोकांत. उठीन म्हणाले न्हाईत. एवढं कान देऊन ऐकलं.

११ मार्च, गुरु.

दौंडला गेलो. तिथं एक मामा हायत, गावोगाव मशीन आन् रिळं घेऊन फिरतात. कोळ्याचा म्हणल्यावर माझ्याकडं बघत राहिले. "पाव्हणं, ती पेटी कुणी नेत न्हाई. जत्रा हाय का दहावा?"

"मामा, हाय ना पण?"

फळीवरनं काढली. धूळ झटकली. म्हणलं, शेवटाला काय होतं हो, धाकटा सापडतो का?

"म्या मशीन बघतो, पिक्चर न्हाई."

बरं झालं. कळलं असतं तर रविवारी आबांपुढं तोंडात राहिलं नसतं. तारीख पक्की केली, ८ एप्रिल.

१८ मार्च, गुरु. पाडवा

गावी. संध्याकाळी आप्पांच्या ओट्यावर जत्रा कमिटी. कोळ्याचा म्हणलं तर सगळे हसले. आप्पा म्हणाले, "अरं सोपाना, पानी बघायला लोकं क्यानॉलवर जातील. पडदा कशाला?"

तालमीतली पोरं: "फाईट पायजे. सोप्या, तुला आमी इचारून चूक केली."

म्हणलं, आप्पा, तुम्हीच म्हणला तू ठरीव. मी ठरवलंय. मारामारीचे लोकांनी बघितल्यात, हा कुणी बघितला न्हाई.

"का पर? तुला आवडला येवढा?"

खोटं बोललो न्हाई. "मला न्हाई आवडला."

पुन्हा हसले. पण मी ओट्यावरनं हाललो न्हाई. सगळी उठली तरी मी बसून. शेवटी आप्पा म्हणाले, "बरं. दोन पेट्या आण. पयला तुझा, दुसरा पोरांचा. पर ध्यान दे, तुझ्यात लोकं उठाय लागली की मदीच बंद, आन् फाईट चालू. मग रुसायचं न्हाई."

मध्येच बंद म्हंजी आबांना शेवट न्हाई. मलाबी न्हाई.

घरी आबा शेळीला पाला घालत होते. कमिटीचं काय झालं इचारलं न्हाई. आईनं सांगितलं, "तुजा बा परवा शेजारच्या म्हादूला सांगत हुता, समुद्राचं पानी खारं आस्तंय म्हणून. जसा काय जाऊन आला."

२८ मार्च, रवि.

सुपरवायझर जत्रंच्या बुधवारी रजा देतो म्हणाला, गुरुवार आपली सुट्टीच. शुक्रवारी फर्स्ट शिफ्टला पायजे म्हणजे पायजे. न्हाई आलो तर मशीन दुसऱ्याला. लल्लनला गावी चल म्हणलं, तर म्हणे, "वही नाव वाली? ना भाई ना."

८ एप्रिल, गुरु.

जत्रा. सकाळी कुस्त्या. आता चार वाजलेत, मामा मशीन घेऊन आले. पडदा शाळेच्या मैदानात दोन वाशांना ताणून बांधला, मीच चढलो. वारं हाय, खाली दगड बांधले. आबा लांबनं बघून गेले. "येवढं मोठं धोतार?" म्हणाले, बास. येणार का न्हाई, ते न्हाई बोलले. मीबी न्हाई इचारलं. पोरं जाता-येता टोमणे मारतात, "सोप्या, पोहायचं शिकून येऊ का?"

बोला. आज काय व्हायचं ते व्हईल.

९ एप्रिल, शुक्र.

शिफ्ट करून आलो. आता रूमवर. रात्रीचं लिहून काढतो.

समोर गाव सगळं बसलेलं. आबा कुठं दिसंनात. वाटलं आलेच न्हाईत. मग पडद्यामागं गेलो तर तिथं, बांधाच्या कडंला, घोंगडं टाकून एकटे. पडद्याच्या मागनंबी चित्र दिसतं, उलटं. नावं उलटी आली. त्यांना काय, अक्षर उलटं काय न् सुलटं काय.

अर्ध्या तासात पोरांनी शिट्ट्या चालू केल्या. "पानी बास! फाईट लावा!" काही जण उठले, भेळंच्या गाडीवर गेले. आप्पा माझ्याकडं आले. मी मशीनपाशी उभा होतो. मामांना सांगितलं, पेटीला हात लावायचा न्हाई.

"सोपाना, उठाय लागली लोकं."

"आप्पा, उठली ती पोरं. बायका बघा की."

खरंच बायकांतली एक हालली नव्हती. थोरल्याची बायको वाळूत बसून वाट बघतीय, त्याच्यावर सगळ्यांची नजर. आप्पांनी बघितलं. मग तिथंच टेकले. टोपी काढून मांडीवर ठेवली. पोरं आप्पांच्या तोंडाकडं बघून गप.

मग मी शिरूरला जिथनं उठलो होतो ती जागा आली. थोरला होडीत उभा, अंधार पडतोय, हाक मारतोय. इथनं पुढं मलाबी नवं.

आन् डीपी उडाली. धडाम. गाव काळं.

पळत पडद्यामागं गेलो. आबा होते तिथंच.

"ग्येली का लाईट?"

"ग्येली."

"यील की." आन् बसून राहिले. मीबी शेजारी बसलो. लोकं पांगली. आप्पांचा आवाज येत होता, मशीनवाल्या मामांना म्हणत होते, "जायचं न्हाई. मटान खा, उद्या रातच्याला ऱ्हायलेलं दावा, मग जा." वायरमन उद्या सकाळशिवाय येत न्हाई म्हणाला.

म्हणलं, आबा, मी उद्या थांबतो.

"खाडा करू नगं. मशीन जाईल तुझी."

मग आपणहून म्हणाले, "थोरल्यानं दिवा उंच धरायला पायजे. खाली धरून कुणाला दिसतोय? रानात कुणी चुकलं तर आमी काठीला बांधून वर धरतो." हातानं दाखवलं. अंधारात हात वर.

पहाटे चौफुल्याहून यष्टी धरली. आबा आज रातच्याला बसतील का, हे इचारायचं धाडस झालं न्हाई.

आता आठ वाजलेत. तिकडं लाईट आली असंल तर पडद्यावर चालू असंल. आबा बांधावर असतील न्हाईतर शेळीपाशी. परवा फोन करायचा. मी काय बोलणार न्हाई, आधी त्यांनीच बोलायचं.

लल्लन पोळी लाटत बसलाय. सगळं सांगितलं त्याला. म्हणे, "अरे ऐसी पिक्चर में छोटा भाई मरता ही है."

म्हणलं, गप. रविवारपर्यंत मरत न्हाई तो.