एक हजार पंच्याण्णव दिवस

रायपूर, ९ जानेवारी २०१९, बुधवार

डॉक्टर सरळच बोलला. लताच्या पोटातली गाठ यकृतापर्यंत गेली आहे. ऑपरेशनचा उपयोग नाही. किमो देऊ, बघू. "किती?" म्हटलं. "छह महीने... ज्यादा भी हो सकता है."

लता बाहेर बाकावर बसली होती. रिक्षात म्हणाली, "गाठ आहे ना? तुमचं तोंड पाहूनच समजलं मले." चौतीस वर्षं सरकारी आस्थापना शाखेत काढली. तोंडावर काही दिसू देत नाही असा माझा लौकिक होता म्हणे!

आमच्या निरंजनला अजून सांगितलेलं नाही. तिकडे कॅनडात त्याची पहाट असेल.

१० जानेवारी

कॅलेंडर घेऊन बसलो. निरंजन १ जुलै २०१६ला तिकडे उतरला, कायम रहिवासी म्हणून. नागरिकत्वाचा अर्ज करायला एक हजार पंच्याण्णव दिवस त्या देशात स्वतः राहिलेलं असावं लागतं. ते ३० जूनला पुरे होतात. आजपासून १७१.

अडीच वर्षांत पोरगा एकदाही आला नाही. दिवाळीत लताने विचारलं तर म्हणाला, "आई, बाहर गया तो दिन गिनते नहीं. एकदा पासपोर्ट हाती आला की मोकळा. मग दरवर्षी महिनाभर येतो, पक्का."

दिवस धरत नाहीत म्हणजे काय, हे मला कोणी समजवायला नको. त्याला सेवेत खंड म्हणतात. आमच्या कार्यालयात लहानू नावाचा शिपाई होता. अभनपूरला घरी गेला, कावीळ झाली, अर्ज पाठवला नाही. एकोणीस दिवस गैरहजर. सेवेत खंड पडला आणि आधीची अकरा वर्षं पेन्शनला धरली गेली नाहीत. पुन्हा एकपासून मोजणी! टिपण माझ्याच हातचं होतं, आणि नियमात चोख होतं. बिचारा माझ्या टेबलाशी उभा राहून मान हलवत नुसता "हव साहेब, हव साहेब" म्हणत राहिला.

दुपारी सदर बाजारात जाऊन कॅनडा सरकारची नियमांची इंग्रजी पानं छापून आणली. देशाबाहेर गेलेला प्रत्येक प्रवास तारखेसह लिहून द्यायचा, असं स्पष्ट दिलं आहे. त्याखाली लाल रेघ मारली. जिथे गैरहजेरी लेखी मागतात, तिथे पुढे कात्री असतेच. पुढची दोन पानं आकडेमोडीची होती, ती वाचायची गरज नव्हती.

आता आईचं कळलं तर निरंजन दुसऱ्या दिवशी विमानात बसेल. त्याची तीन वर्षं पाण्यात. तेव्हा कळवायचं नाही. ३० जूनला पुरे होऊ देत, १ जुलैला मी स्वतः फोन करीन.

११ जानेवारी

लताला सगळं समजावून सांगितलं. तिने बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "पोट्ट्याचं काम बिघडू नका. थांबते मी."

१५ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. लताने तिळगूळ केला नाही, पहिल्यांदाच. शेजारच्या कलावतीबाईंनी आणून दिला. लताने एक तीळ जिभेवर ठेवला आणि बाहेर जाऊन उलटी केली. १६६.

३ फेब्रुवारी, रविवार

रविवार म्हणजे निरंजनचा व्हिडिओ फोन. आज तयारीला अर्धा तास लागला. केस गेले म्हणून डोक्याला स्कार्फ, अंगात स्वेटर, गालाला पावडर. खिडकी पाठीमागे येईल अशी खुर्ची मांडली म्हणजे चेहरा काळसर दिसतो.

"आई, वजन कमी झालं काय तुझं?"

"रोज बुढा तालाबले चालायले जाते ना मी! तुझे बाबा सोडतच नाही."

केवढ्या सफाईने बोलली! मी मोबाइल धरून तिच्याकडेच बघत होतो, तो कलला. तो ओरडला, "बाबा, फोन सीधा पकड़ो ना." फोन ठेवल्यावर लता तशीच स्वेटर घालून आडवी झाली. मी काढू लागलो तर म्हणाली, "राहू द्या. थंडी आहे." थंडी नव्हती.

१९ फेब्रुवारी

दुसरी किमो. घशाखाली पाणीही उतरत नाही. १३१.

४ मार्च, सोमवार

लताची धाकटी बहीण पूर्णिमा भिलाईहून आली ती राहायलाच. बरं झालं. माझी खिचडी एक तर कच्ची, नाही तर करपलेली.

स्वयंपाकघरात मला गाठून म्हणाली, "भाऊजी, काहून लपवून राहिले तुम्ही? पोरगा आहे तो तिचा!" मी तिला नियम सांगितला. खंड म्हणजे काय, सांगितलं. लाल रेघ मारलेलं पान दाखवलं. ती म्हणाली, "मले नाही समजत तुमचं हे कागदाचं. ताई झोपेत त्याचं नाव घेऊन राहिली, ते समजते."

मीही ऐकतो. त्याच खोलीत झोपतो मी.

पण कोणी तरी कठोर व्हायला नको का? छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झाली, भोपाळहून फाइलींचे ट्रक आले, तेव्हा माझ्या शाखेत एका कागदाची अदलाबदल झाली नाही. शेवटची दोन वर्षं कार्यालय नव्या रायपूरला हललं, तर बसचे धक्के खात तिथे गेलो, पण एक दिवस विनाअर्ज गैरहजर नाही. निरंजनला हे माझ्याकडून मिळालं आहे. तीन वर्षं बर्फात एकटा राहिला पोरगा. ती वर्षं मी कशी जाऊ देऊ?

२४ मार्च

आता रायपूरला ऊन चढलं. स्कार्फ-स्वेटर कसे चालतील? निरंजनला सांगितलं, नेट नाही चालून राहिलं, नुसतं बोल. नुसतं बोलण्यात लता जास्त चांगली वाटते. आवाज अजून तसाच आहे.

६ एप्रिल, शनिवार

पाडवा. गुढी मी एकट्यानेच उभारली, जरा तिरपी झाली. लताने पलंगावरून हात जोडले.

मग म्हणाली, "अहो, त्याले एकदा पाहू द्या ना मले. फोनात नाही. समोर."

"पंच्याऐंशी दिवस राहिले फक्त."

"त्याचे मोजून राहिले तुम्ही, की माझे?"

गुढीची साखरगाठी नीट करतो म्हणून गच्चीवर गेलो. तिथे उभं राहून रडलो. लिहून ठेवतो, कारण आणखी कोणाला सांगणार नाही.

खाली आलो तर तीच मला समजावू लागली. "जाऊ द्या. मी असंच बोलली. होऊ द्या त्याचं."

७ एप्रिल

आज फोन हातात घेतला होता. नंबर लावला. एकदा रिंग गेली आणि मी कापला. त्याचा लगेच उलटा फोन — "क्या हुआ बाबा?" म्हटलं, चुकून लागला. "आई बरी आहे ना?" म्हटलं, हो.

एवढं खोटं मी जन्मात बोललो नव्हतो. ८४.

२१ एप्रिल, रविवार

लता आज फोनवर तीनच वाक्यं बोलली. जेवला काय. गरम कपडे घाल. अर्ज नीट भर. मग मोबाइल छातीवर ठेवून डोळे मिटले. तो तिकडे "आई? आई?" करत होता. मी उचलून सांगितलं, कामवाली आली, ती बोलायला गेली.

पूर्णिमा दारात उभी होती.

२९ एप्रिल

डॉक्टर म्हणाला, घरीच ठेवा. ६२. थांब लता, दोन महिने फक्त.

१ मे

गेली. दुपारी तीनच्या सुमारास. मी चमच्याने पाणी घालत होतो, ते बाहेर आलं.

२ मे, गुरुवार

काल जे झालं ते लिहितो. माझं मलाच वाचवणार नाही, तरी लिहितो.

लताला खाली घेतल्यावर पूर्णिमा म्हणाली, "आता तरी निरंजनले फोन करा." मी म्हटलं, "आता येऊन काय होणार? साठ दिवस राहिले. साठ दिवसांनी सांगू." ती माझ्याकडे बघत राहिली. इतकं वाईट माझ्याकडे कोणी कधी पाहिलं नसेल. मग तिनेच माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि लावला. त्याचं ओरडणं मला पलंगाच्या पलीकडून ऐकू आलं.

एवढ्या उन्हात तो येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. अग्नी मीच दिला. सगळं झाल्यावर मला पूर्णिमाचा संताप आला. लताने चार महिने दात-ओठ आवळून सोसलं, ते या एका फोनने मातीत गेलं. तीन वर्षं शून्य. बायकोही गेली आणि पोराचं कामही गेलं. तेलही गेलं, तूपही गेलं!

४ मे

निरंजन काल आला. दाढी वाढलेली, अंगात जाड जॅकेट. इथे त्रेचाळीस डिग्री. आईच्या पलंगावर जाऊन बसला. "बाबा, बताना था ना. काहून नाही सांगितलं मले? काहून?" मी म्हटलं, "तुझ्या आईची इच्छा होती." हेही अर्धं खोटंच.

पूर्णिमा तिथेच होती. काही बोलली नाही. उपकारच तिचे.

९ मे

तो माझ्या ताटात वाढतो, माझ्या गोळ्या काढून देतो, आणि माझ्याकडे बघत नाही.

१४ मे, मंगळवार

काल तेरावं झालं. आज सकाळी निरंजन लॅपटॉप उघडून बसला होता. जाण्यायेण्याच्या तारखा भरत होता. मी जवळ जाऊन बसलो. धीर करून विचारलं, "आता पुन्हा एकपासून मोजायचे?"

"एकपासून काहून?" तो म्हणाला. "सतरा दिवस बाहेर, तर अर्ज सतरा दिवस उशिरा. जुने दिवस कुठे जातात, बाबा? इतनाच."

सतरा दिवस.

जानेवारीत येऊन गेला असता तर तिच्याजवळ बसला असता. मी मनाशी म्हणत आलो, दिवसांचा नियम त्यालाच विचारला तर त्याला संशय येईल. ते खरं नाही. विचारावंसं मला वाटलंच नाही. नियम मला माहीत होता.