जांभ्यावरचा काळा तुकडा

वालावल,
२२ एप्रिल २०२५

प्रिय ऋता,

खूप आशीर्वाद. तू आणि विनीत बरे असाल. तुझ्या शाळेला सुट्टी लागली का? नाशिकलाही यंदा ऊन भाजतंय म्हणे. इकडे मागच्या दारचा फणस लगडलाय, उतरवायला कोणी नाही.

पत्ता तुझ्या मैत्रिणीने, योगिनीने दिला. मीच मागे लागले होते, तिच्यावर रागावू नकोस.

माझं नवं काम तुला ठाऊक नसेल. दोडामार्गाकडच्या सखल रानात मी मातीचे नमुने घेतेय. रानाचे चौकोन आखायचे, प्रत्येकातून वीतभर खोलीची माती काढायची, सावलीत वाळवून, चाळून तपासायला द्यायची. झाडांना लागणारं नत्र, स्फुरद, पालाश कुठे किती, त्याचा नकाशा करायचा. बाहेरून सगळं रान एकसारखं हिरवं दिसतं ना? माती तशी नाही. ओहोळाच्या काठी एक, वारुळाजवळ दुसरी, जांभ्या दगडाच्या चढावर अगदीच निकस. तरी त्या चढावरही झाडं आभाळाला लागलीत. पान गळून कुजलं की मुळं त्यातलं वरच्या वर उचलून घेतात, खाली काही उतरूच देत नाहीत.

डिसेंबरात एक भलताच निकाल आला. त्याच चढावरच्या एका काळ्या मातीच्या तुकड्यात स्फुरद आजूबाजूच्या कितीतरी पट. मला वाटलं, पिशव्यांची अदलाबदल झाली. पुन्हा माती काढली, पुन्हा तेच. जवळ ना ओहोळ, ना वारूळ. जेवताना सहज हे बोलले आणि भाईंनी हातातला घास खाली ठेवला.

हो, भाईंबद्दलच लिहितेय. वडिलांचं नाव पहिल्याच ओळीत आलं असतं तर तू पत्र घडी करून ठेवलं असतंस. योगिनीने विषय काढताच तू फोन ठेवलास, तिने सांगितलं मला. म्हणून मातीवरून आले. इथवर वाचलंयस, तर पुढचंही वाच.

"अगो, थंय कोणतरी रवलेलो असतलो!" भाई म्हणाले. "चुलीची राख, गोठ्यातला शेण, सगळा मातयेन धरून ठेवल्यान."

तिथे कधीकाळी वस्ती असेल, तसं होऊ शकतं. माणसं निघून जातात, त्यांच्या राखेतलं, शेणातलं स्फुरद मागे राहतं. पण इतिहास शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाला एवढं पुरे होतं का? दुसऱ्या दिवशी ते काठी घेऊन माझ्याआधी तयार. ऋता, तुझ्या-विनीतच्या लग्नाला न जाता ते घरी बसले ना, त्यानंतर कोणाशी धड बोलत नव्हते. त्या रानात बोलायला लागले. एकदा खापराचा तुकडा मिळाला, एका अंगाला काजळी धरलेला. तो त्यांनी आईला असा दाखवला, जसा काही सोन्याचा दागिना.

रानातल्या गोचिडी चावून ताप येतो, हे आम्हाला माहीत होतं. तेल चोळायचो, पायजमा मोज्यात खोचायचो, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ. मार्चमध्ये रानाच्या कडेला एक माकड मरून पडलेलं दिसलं. मी आरोग्य केंद्रात कळवलं आणि काम तिथेच थांबवलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

भाईंना माकडताप झाला. पहिल्यांदा आला तो उतरला. भाई घरी आले, पेज जेवले, ओटीवर बसून पेपर वाचला. आईने देवापुढे नारळही ठेवला. मग ताप परतला, तो या वेळी डोक्यात शिरला. आता ते गोव्याला इस्पितळात आहेत. आई त्यांच्यापाशी आहे, मी कपडे न्यायला म्हणून घरी आलेय.

डॉक्टरीण बाई भल्या आहेत. मी विचारलं, बाहेरून काही मागवायचं का? त्या म्हणाल्या, "यावर थेट औषध नाही. त्यांचं शरीर झगडतंय, आपण त्याला सांभाळायचं." मला प्रत्येक चौकोनातलं स्फुरद सांगता येतं. ती गोचीड कुठल्या चौकोनात चावली, ते सांगता येत नाही. आणि कळलं तरी काय करणार होते?

आता जे लिहायला बसले ते लिहिते. काल सकाळी त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ऋता, इलंस?"

मी आईकडे बघितलं. तिने तोंड फिरवलं. मी म्हटलं, "इलंय, भाई."

"लग्नाक माका येवक होया होता गो. चुकला माझा."

मी त्यांचा हात धरला. त्यांनीच पुढे विचारलं, "गौरजा खंय आसा?"

"रानात," मी म्हटलं.

"तेका सांग, सांभाळून."

मग पुन्हा ग्लानीत गेले.

ये, असं मी लिहीत नाही. तू आलीस तर ते ओळखतील का, पत्र पोचेल तेव्हा ते असतील का, कोणीच सांगत नाही. पण ते बोलणं तुझं होतं, आणि ऐकलं मी. ते मला ठेवता येत नाही, त्यांना परतही देता येत नाही. म्हणून तुला पाठवतेय.

संध्याकाळच्या गाडीने परत जातेय. त्यांनी पुन्हा तुला हाक मारली, तर ओ द्यायला मी आहे.

त्यांच्या लेखी अजून रानातच असलेली,
तुझी ताई
गौरजा